भांडं तिच्याकडे, शेगडी त्याच्याकडे

"आधी मिरच्या सोला, मग बोलू."

कुणी तावातावाने काही सांगायला लागलं की ते हातातला टॉवेल खांद्यावर टाकायचे, भाजलेल्या मिरच्यांचं घमेलं त्या माणसापुढे सरकवायचे आणि एवढंच म्हणायचे. भाजलेली मिरची सोलायची म्हणजे दोन्ही हात गुंततात. साल बोटांना चिकटतं, बी नखात जातं, नाकावर माशी बसली तरी हाकलता येत नाही. अशा अवस्थेत माणसाला इतिहासावर फार वेळ भांडता येत नाही, असा त्यांचा अनुभव होता. आणि इतिहासावर भांडू शकणारी माणसं त्यांच्या ड्राइव्हवेवर पुष्कळ जमायची.

मी मिशिगनमधल्या ॲन आर्बरला शिकायला आले आणि इथलीच झाले. एका वीज कंपनीत पहिली नोकरी लागली, तेव्हा मला ज्यांच्या शेजारचं टेबल मिळालं ते हे गृहस्थ. उंच, किंचित पोक काढून चालणारे. भुवया इतक्या दाट की त्यांना वेगळा कंगवा लागत असणार, असं माझ्या नवऱ्याचं मत. विजेचं जाळं कुठे तुटू शकेल आणि कुठे जोडलं तर टिकेल हे बघणं हे आमचं काम होतं. मी जळगावची, वगैरे सांगून झाल्यावर मी रीतीप्रमाणे विचारलं, तुम्ही कुठले? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि उलट विचारलं, "कुठल्या वर्षी?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. तसं नव्हतं. ज्या देशात ते जन्मले, शिकले, नोकरीला लागले, तो देश आता नकाशावर नव्हता. त्याचे तुकडे झाले होते. त्यांचं जन्मगाव एका तुकड्यात होतं, आईचं माहेर दुसऱ्यात, बायकोचं तिसऱ्यात. त्यातला एक निवडा म्हटलं की ते खिडकीबाहेर बघत हवामानावर बोलायला लागायचे. फारच मागे लागलं तर म्हणायचे, बाल्कनचा म्हणा, तेवढं पुरे. आम्हीही मग तेवढ्यावर भागवलं.

त्यांना हाक काय मारायची हाही एक प्रश्नच होता. नुसतं नाव घेणं मला जमेना, म्हणून मी आपली सवयीने "काका" म्हणून मोकळी झाले. ते एकदम गंभीर झाले. त्यांच्या भाषेत तो शब्द लहान मुलांना पॉटीवर बसवताना वापरतात, असं त्यांनी अतिशय सभ्यपणे समजावून सांगितलं. पुढे माझी मुलगी इरा बोलायला लागली आणि तिने त्यांना "आजोबा" ठरवून टाकलं. ते त्यांना आवडलं. मग आमच्या घरात ते सगळ्यांचेच आजोबा झाले.

तिकडे ते विजेच्या कंट्रोल रूममध्ये होते. देश फुटला, लढाई पेटली, मोठ्या लाइन्स तोडल्या गेल्या. पण कंट्रोल रूममधल्या माणसांचे फोन मात्र चालू राहिले, असं ते सांगायचे. पलीकडचा माणूस आता शत्रू होता, पण तोही तेच आकडे विचारायचा, हेही तेच सांगायचे, कारण एकीकडे गडबड झाली तर दोन्हीकडच्या हॉस्पिटलांमध्ये अंधार होणार होता. "आम्ही एकमेकांना शिव्या दिल्या नाहीत," ते म्हणायचे, "आकडे दिले." पुढे ते अमेरिकेत आले. काही वर्षांनी तिकडचं तुटलेलं जाळं पुन्हा उरलेल्या युरोपशी जोडलं गेलं, तेव्हा त्यांनी ऑफिसात सगळ्यांना केक आणला होता म्हणे. अमेरिकन सहकाऱ्यांनी वाढदिवसाचं गाणं म्हटलं. त्यांनीही ते म्हणू दिलं.

आपल्या लोकांबद्दल ते कधी निराश झालेले मी पाहिले नाहीत. आपण मंडळी कशी असतो, तुम्हाला ठाऊक आहे. गावाकडची भाऊबंदकी निघाली की आपण हात झटकतो आणि म्हणतो, यांचं काही व्हायचं नाही. आजोबांचं उलट. मध्यंतरी तिकडे दोन शेजाऱ्यांच्या वादात विजेचा मेळ बसेना, तर अख्ख्या युरोपात विजेच्या ठेक्यावर चालणारी ओव्हनवरची घड्याळं काही मिनिटं मागे पडली. मी ती बातमी वाईट म्हणून त्यांना दाखवली, तर त्यांचा चेहरा खुलला. बघ, म्हणाले, आमच्या भांडणाने जर्मनीतला माणूस ऑफिसला उशिरा पोचला, म्हणजे आम्ही किती जोडलेले आहोत. तिकडच्या देशांमध्ये फोनच्या रोमिंगचे जादा पैसे बंद झाले तेव्हाही ते असेच खूश होते. फोन स्वस्त झाला की माणसं निदान भांडायला तरी फोन करतात. आणि त्यातले बरेच देश युरोपीय संघाच्या दारात रांग लावून उभे आहेत, त्याचं काय, असं मी एकदा विचारलं. रांग चांगली, ते म्हणाले. रांगेत फार वेळ उभं राहिलं की पुढच्या-मागच्याशी बोलावंच लागतं.

मिरच्यांचं प्रकरण मला कळलं ते वासावरून. सप्टेंबरमधला शनिवार होता, मी इराला बाबागाडीतून फिरवत त्यांच्या गल्लीत शिरले आणि जागच्या जागी थांबले. वांगं भाजल्याचा वास. जळगावच्या शेतात हिवाळ्यात कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजतात तो वास मिशिगनमध्ये आला, तर माणूस वाट सोडून वासामागे जाणार नाही तर काय करेल? ड्राइव्हवेवर पिंपाची शेगडी धगधगत होती. तिच्यावर लालभडक, लांब, तिखट नसलेल्या मिरच्या काळ्या होत होत्या आणि कडेला वांगी. हे सगळं सोलून, वाटून, तेलात तासन् तास ढवळत आटवायचं. त्याला आयवार म्हणतात. बाल्कनमधल्या पुष्कळ घरी ते हिवाळ्यासाठी बरण्या भरून करतात, आणि ते मूळचं आमचंच, असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो.

आजोबांनी मला बघितलं आणि घमेलं पुढे सरकवलं. त्या दिवसापासून मी त्या मंडळीत गेले. अशी पाच-सहा कुटुंबं होती. सगळ्यांची ओळख करून द्यायची गरज नाही, दोघांची पुरे. एक द्रिता. ती कोसोव्होची अल्बेनियन. गावात तिची बेकरी आहे, आणि तिचा आवाज तिथल्या मशिनच्या घरघरीवरून पार रस्त्यापर्यंत जातो. दुसरा झोरान. तो सर्बियाचा, हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि घरीही फळ्यासमोर उभं असल्यासारखं बोलतो. कोसोव्हो वेगळा देश आहे हे सर्बियाला अजून मान्य नाही, बाकी या दोघांचे देश एकमेकांशी कसे आहेत हे बातम्या वाचणाऱ्याला सांगायला नको. दोघं एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलायचे, आणि तेही बहुतेक मिरच्यांबद्दल.

आता गंमत बघा. मोठं भांडं द्रिताचं होतं, बेकरीतलं. शेगडी झोरानची, त्याने स्वतः पिंप कापून बनवलेली. वाटायचं मशिन एका मॅसेडोनियन जोडप्याकडे. बरण्या एका क्रोएशियन डॉक्टरीणबाईंकडे. मी आल्यावर वल्ह्याएवढं लाकडी उलथणं माझ्या गराजमध्ये आलं. आजोबांच्या घरी नुसता ड्राइव्हवे होता. दर वर्षी सामान गोळा करायची ती यातायात बघून मी एकदा म्हटलं, आजोबा, एक सेट विकत घेऊन इथेच ठेवू या ना, किती सोपं होईल.

"म्हणूनच नको," ते म्हणाले. "ज्याच्या घरी सगळं असतं तो शेजाऱ्याचं दार कशाला वाजवेल?"

तेव्हा मला कळलं की हे सामान आपोआप विखुरलेलं नाही, त्यांनी ते विखरून ठेवलंय. झोरानला शेगडी बनवायला त्यांनीच भरीला घातलं होतं. द्रिताकडे भांडं मागायला पहिल्यांदा तेच गेले होते, त्यांच्या स्वतःच्या घरी एक बऱ्यापैकी पातेलं असताना. ते पातेलं त्यांनी नंतर कुणाला तरी देऊन टाकलं. ऑफिसातलं शहाणपण त्यांनी ड्राइव्हवेवर आणलं होतं. एकी म्हणजे प्रेम नव्हे, ते मला म्हणाले. प्रेम आलं तर येऊ दे. एकी म्हणजे आपलं दुसऱ्यावाचून अडतं, आणि त्याची लाज वाटत नाही.

आमचं महाराष्ट्र मंडळ ढोल-पथकावरून फुटलं आणि गावात दोन गणपती बसायला लागले, त्या वर्षी नवरा त्यांच्यापुढे फारच हळहळत होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, दोन्हीकडचा प्रसाद खाल्ला आणि विचारलं, "ढोल कुणाकडे आहेत आणि मूर्ती कुणाकडे?" दोन्ही मंडळांनी सगळंच नवं घेतल्याचं कळल्यावर मात्र त्यांनी मान हलवली. हे थोडं अवघड आहे, म्हणाले.

मग ती जत्रा आली. गावच्या मैदानावर देशोदेशींच्या खाण्याची जत्रा भरते, तिथे एक स्टॉल लावायचा असं सगळ्यांच्या मनात आलं. स्टॉलला नाव एकच देता येत होतं. आजोबा म्हणाले, बाल्कन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आम्ही बाल्कन नाही, बाल्कन आमच्या पूर्वेला सुरू होतं. झोरान म्हणाला, खरं तर दक्षिणेला. लॅबमध्ये काम करणारी एक बल्गेरियन मुलगी म्हणाली की बाल्कन पर्वत आमच्या देशात आहे, नाव हवं असेल तर आम्ही देतो. बोलणी त्या वर्षीच्या मिरच्या सोलून संपेपर्यंत चालली. शेवटी एका लांब टेबलाचे भाग पडले आणि प्रत्येकाने आपापल्या बरणीवर आपापल्या देशाचा झेंडा चिकटवला.

आणि बरण्यांमध्ये होतं काय? एकाच भांड्यातलं, एकाच दुपारी, एकाच उलथण्याने ढवळलेलं आयवार. उलथणं माझं होतं, म्हणून मी छातीठोकपणे सांगते. तरी प्रत्येक जण गिऱ्हाइकाला आपली बरणी पुढे करून सांगत होता की बाकीच्यांचं चाखून बघा, पण खरं हे. लोकही बिचारे चाखून, डोळे मिटून, हो, फरक आहे, असं म्हणत होते. आजोबा टेबलामागे खुर्चीवर बसले होते. त्यांचे खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पण ते हसणं पुरलं नाही. कुणीतरी झोरानला विचारलं की शेजारच्या बाईंकडेही हेच कसं? तो वर्गात सांगावं तसं म्हणाला, ते आमच्याकडूनच शिकले. द्रिताने ते ऐकलं. ती नेहमी मोठ्याने बोलते, तेव्हा मात्र अगदी हळू बोलली. "शिजलं कुणाच्या भांड्यात?" एवढंच. तिने बरण्या खोक्यात भरल्या, भांडं यापुढे बेकरीतून बाहेर निघणार नाही असं सांगितलं आणि व्हॅन घेऊन निघून गेली. झोरानने माफी मागितली नाही. आपण चुकीचं काय बोललो, हेच तो सगळ्यांना विचारत होता.

मला फार वाईट वाटलं. घरी येताना गाडीत मी आजोबांना म्हटलं, इतकी वर्षं केलंत, आणि शेवटी हे. ते जराही खचले नव्हते. भांड्याला भांडं लागतं असं आपण म्हणतो ना, तसंच काहीसं ते म्हणाले. ती भांडं घेऊन गेली, फोडलं तर नाही. येईल.

त्या हिवाळ्यात ते बर्फावर घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. टेक्सासमधल्या प्लेनोहून त्यांची मुलगी आली. बायको पूर्वीच वारली होती, एकट्याने राहणं आता शक्य नव्हतं, घर विकायचं ठरलं, सामान खोक्यांत गेलं. मी भेटायला गेले तेव्हा भिंती उघड्या झाल्या होत्या आणि ते मधोमध एका खुर्चीवर पाहुण्यासारखे बसले होते. मी त्यांना धीर द्यायला म्हटलं, काळजी करू नका, पुढच्या वर्षी माझ्या ड्राइव्हवेवर करू. द्रिता नाही आली तर मी मोठं भांडं विकत आणते, हॉटेलच्या सामानाच्या दुकानात मिळतं.

इतक्या वर्षांत ते माझ्यावर रागावले ते तेव्हाच. "भांडं आणायचं नाही. तू भांडं आणलंस की द्रिताला बोलवायचं कारण संपलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सप्टेंबरमध्ये मी येतो. सगळे येतील, बघ."

ते आले नाहीत. जुलैत प्लेनोला, दुपारी झोपेतच गेले. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात त्यांच्या जुन्या टेबलाशेजारीच बसले होते. मी आमच्या ग्रुपवर कळवलं. सगळ्यांनी दुःख लिहिलं, झोराननेही लिहिलं, द्रितानेही. मिरच्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. मला रडू आलं ते ते गेले म्हणून, आणि आता हेही जाणार म्हणून.

तरी ऑगस्टअखेर बाजारातल्या शेतकऱ्याने नेहमीच्या मिरच्या ठेवू का विचारलं, तर मी हो म्हणून बसले. नवरा म्हणाला, "यार, एवढ्या मिरच्या, आणि कुणी आलंच नाही तर? अख्ख्या मिशिगनला भरीत वाटणार का?" मी म्हटलं, ते म्हणाले होते सगळे येतील. तो गाडीतून पोती उतरवायला लागला.

शनिवारी सकाळी मॅसेडोनियन जोडपं मशिन घेऊन आलं. डॉक्टरीणबाई बरण्या घेऊन आल्या. एक मशिन, एक उलथणं, रिकाम्या बरण्या आणि कच्च्या मिरच्यांचा ढीग. एवढ्यात काहीही होत नाही. मग झोरानचा पिकअप वळला. त्याने शेगडी उतरवली, इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ती येणार आहे?"

मी म्हटलं, माहीत नाही. त्याने शेगडी पेटवली. मिरच्या भाजायला आणि सोलायला भांडं लागत नाही, म्हणून आम्ही सोलत बसलो. इरा आता मोठी झालीय. एक पार काळी मिरची उचलून ती म्हणाली, "आई, धिस वन इज सो बर्न्ट." झोरान म्हणाला की आजोबा सांगायचे, जास्त भाजलेलीच चांगली सोलली जाते. कुणीतरी त्यांचं नाव घ्यायला हवं होतं, ते असं घेतलं गेलं.

दुपार कलली तेव्हा द्रिताची व्हॅन आली. ती उतरली, मागचं दार उघडलं आणि भांडं एकटीने ओढायला लागली. झोरान उठला, भांड्याचा दुसरा कान धरला. दोघांनी ते शेगडीवर चढवलं. नमस्कार नाही, हसणं नाही. द्रिता शेगडीत वाकून बघत म्हणाली, "आच फार आहे." झोरानने दोन लाकडं बाहेर ओढली.

ढवळणं थांबवून चालत नाही, नाहीतर खाली लागतं. आम्ही सगळ्यांनी पाळीपाळीने ढवळलं, पण त्या दोघांनी जास्त. उलथणं एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होतं. सूर्य मावळायच्या आत लगदा गडद, चकचकीत झाला, आम्ही बरण्या भरल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झाकणं कुठेत?"

झाकणं आजोबांकडे असायची. बरण्या पुन्हापुन्हा वापरल्या जातात, पण झाकणं नवी लागतात. ती दर वर्षी आजोबा आणायचे, आणि हे इतकं गृहीत होतं की आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही. गरम असतानाच झाकणं लागली नाहीत तर हे टिकत नाही. मी प्लेनोला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्यांची मुलगी म्हणाली की आहेत, गराजमध्ये एक खोकं आहे. बाबांनी ते माळ्यावर टाकू दिलं नाही. सप्टेंबरमध्ये विमानात बरोबर न्यायचंय म्हणून शेवटपर्यंत दाराशीच ठेवलं होतं.

द्रिता पायरीवर बसली आणि तोंडाला ॲप्रन लावून रडली. झोरान तिच्या समोर उभा राहिला. मग खिशातून गाडीची किल्ली काढून म्हणाला की मी दुकानातून आणतो, कुठली साइज?

"तुला काय कळणार साइज," द्रिता डोळे पुसत म्हणाली. "चुकीची आणशील." आणि ती उठून त्याच्या पिकअपमध्ये बसली.

बरण्या गरम राहाव्यात म्हणून आम्ही त्यांवर तिच्या बेकरीतली स्वच्छ फडकी टाकली आणि कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या गाडीकडे बघत राहिलो. मिरच्या संपल्या होत्या, हात मोकळे होते. दोन्ही खिडक्यांतून हातवारे दिसत होते. डावीकडूनही आणि उजवीकडूनही. त्या दोघांत गाडी कोण चालवत होतं, देव जाणे. पण ते झाकणं घेऊन आले, आणि बरोबर साइजची.

प्लेनोहून ते खोकं पुढच्या आठवड्यात पोस्टाने आलं. ते कुणाकडे ठेवायचं यावर वाद झाला. झोरान म्हणाला, द्रिताकडे. द्रिता म्हणाली, भांडं माझ्याकडे आहे, झाकणंही माझ्याकडे कशी? झोरानकडेच ठेवा. शेवटी ती झोरानकडे गेली.

हॉटेलच्या सामानाच्या दुकानात तसलं मोठं भांडं अजून दिसतं. मी हात लावून बघते आणि तिथेच ठेवते.